गोळा पुढे, तोफ मागे

तंजावरच्या पूर्व वेशीजवळ, कीळवासल भागात, जुन्या तटाच्या एका उंच बुरुजावर एक प्रचंड लोखंडी तोफ आडवी ठेवलेली आहे. तिला चाकं नाहीत, गाडा नाही. लांबी सुमारे साडेसात मीटर, बाहेरचा व्यास सुमारे ९३ सेंटिमीटर आणि आतल्या पोकळीचा सुमारे ६३. गावकरी तिला राजगोपाल बिरंगी म्हणतात आणि तिच्या जागेला बिरंगी मेडू. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, तंजावरचा राजा रघुनाथ नायक याच्या काळात, ती इथे आली. व्यंकोजीराजे भोसले १६७६ साली तंजावरच्या गादीवर बसले, तेव्हा ही तोफ बुरुजावर जुनी झालेली होती. मराठ्यांना ती राज्याबरोबर आयती मिळाली.

तिचं वजन काढायला काटा लागत नाही. बाहेरचा आणि आतला व्यास, लांबी आणि लोखंडाची घनता एवढं माहीत असलं की शाळकरी गणितानेही साडेएकवीस टनांच्या आसपास उत्तर येतं. मागचा भरीव भाग धरला तर २२ टनांच्या वर. एवढं जड धूड बुरुजावर चढवलं कसं, हा प्रश्न प्रत्येक पाहणाऱ्याच्या मनात येतो. त्याहून अवघड प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: बत्ती दिल्यावर ते धूड बुरुजावर टिकायचं कसं?

आधी तिच्या घडणीविषयी. ही तोफ ओतलेली नाही, घडलेली आहे. लोखंडाच्या लांब पट्ट्या एकमेकींना खेटून गोलाकार लावायच्या, त्यांची नळी करायची आणि तिच्यावर लालबुंद तापवलेल्या लोखंडी कड्या एकामागून एक चढवायच्या. गार होताना कडी आकसते आणि नळीला आवळून धरते. सांधे घणाखाली एकजीव करायचे. युरोपातही पंधराव्या शतकात अशा तोफा होत असत. एडिंबरा किल्ल्यावरची १४४९ सालची मॉन्स मेग ही त्याच जातीची. पुढे युरोपने ही वाट सोडली आणि कांस्य व ओतीव लोखंड धरलं. आपल्याकडे ओतीव लोखंडाच्या तोफांना लागणाऱ्या भट्ट्या नव्हत्या आणि कांस्यासाठी लागणारं तांबं-कथील महाग पडे. लोहार मात्र अव्वल होते. म्हणून दक्षिणेत घडीव तोफ मोठी, आणखी मोठी होत गेली.

कानपूर आयआयटीचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम हे दिल्लीच्या लोहस्तंभावरच्या संशोधनामुळे प्रसिद्ध होते. त्यांनी सहकाऱ्यांसह या तोफेचाही अभ्यास केला आणि तो २००४ साली प्रसिद्ध केला. तिचं लोखंड पाण्यात पूर्ण बुडवून ठेवलं तर आजच्या साध्या, कमी कार्बनच्या पोलादाइतक्याच वेगाने गंजतं. उघड्या हवेत मात्र त्याच्यावर घट्ट चिकटलेला एक पातळ थर तयार होतो आणि तो पुढचा गंज रोखतो, असं त्यांना आढळलं. उन्हापावसात जवळजवळ चार शतकं पडून राहिलेल्या तोफेची तब्येत चांगली आहे ती त्या थरामुळे.

आता बत्तीकडे वळू. दारू पेटली की तिचा वायू होतो आणि तो सगळ्या बाजूंना सारखाच रेटा देतो. कडेचे रेटे नळीच्या भिंती सोसतात. उरतात दोन: एक गोळ्यावर पुढे, दुसरा तोफेच्या बुडावर मागे. गोळ्याला जितका संवेग मिळतो तितकाच उलट दिशेने तोफेला मिळतो. न्यूटनने हे १६८७ साली ग्रंथात मांडलं, पण गोलंदाजाला ते त्याच्या कितीतरी आधीपासून अंगावर येऊन माहीत होतं.

समजा, या तोफेत ६० सेंटिमीटर व्यासाचा ग्रॅनाइटचा गोळा घातला. त्याचं वजन भरेल सुमारे ३०० किलो. तो सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला असं धरू. वायूचा वाटा बाजूला ठेवला तरी २२ टनांची तोफ सेकंदाला पावणेतीन मीटरच्या वेगाने मागे येईल. पावणेतीन मीटर म्हणजे हळू धावणाऱ्या माणसाचा वेग. ऐकायला काही वाटत नाही. पण चालतंय ते २२ टन लोखंड आहे. ते दहा सेंटिमीटरच्या आत थांबवायचं ठरवलं तर मागच्या भिंतीला सरासरी ८० टनांहून अधिक भार झेलावा लागेल. तेच दोन मीटर मागे सरकू दिलं, तर चार-सव्वाचार टनांत काम भागेल.

तोफखान्याचा पुढचा सगळा इतिहास या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. धक्का तेवढाच राहतो. त्याला किती अंतर द्यायचं, एवढंच माणसाच्या हातात असतं.

दख्खनच्या किल्ल्यांनी धक्का अडवायची वाट धरली. विजापूरच्या शेर्झा बुरुजावरची मलिक-ए-मैदान ही ५५ टनांची कांस्याची तोफ १५४९ साली अहमदनगरला मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ओतली. १६३२ साली मुरार जगदेवाने ती परांड्याहून विजापूरला आणली. तिचं वजन हाच तिचा पहिला बचाव: तोफ जितकी जड, तितका मागे येण्याचा वेग कमी. दुसरा बचाव बुरुजाच्या बांधणीत आहे. मधोमध खुंटा, त्याभोवती गोल फिरणारी बैठक आणि पाठीमागे वक्र भिंत, म्हणजे तोफ कुठेही वळवली तरी बुडामागे दगड आहेच. दौलताबादची मेंढा तोफही अशीच खुंट्यावर फिरणारी. ज्या आदिलशाहीत शहाजीराजे सरदार होते आणि जिच्या फौजेबरोबर व्यंकोजी तंजावरात उतरले, तिचा तोफखाना या शाळेत शिकलेला होता. बुरूज हाच तोफेचा गाडा आणि बुरुजाचं वस्तुमान हेच धक्क्याला उत्तर.

हे उत्तर चुकीचं नव्हतं. फक्त त्यात एक अट होती: शत्रूने तोफेसमोर यायला हवं.

समुद्रावर ही चैन नाही. जहाजाच्या लाकडी फासळ्यांना तोफ घट्ट जखडली तर काही बारांतच सांधे सुटू लागतात. मग जहाजवाल्यांनी काय केलं? कोकणात याचं एक उत्तर तयार झालं होतं. आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराबांचं वर्णन अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केलं आहे. दोन किंवा तीन डोलकाठ्या, दीडशे ते तीनशे टनांचं जहाज आणि नाळेच्या दिशेने, पुढच्या आडभिंतीला पाडलेल्या खिडक्यांतून रोखलेल्या नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा. बाजूच्या तोफा त्याहून हलक्या, सहा ते नऊ पौंडी. गलबतं आणखी छोटी, सत्तर टनांपर्यंतची, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. त्यातल्या लहानांवर जंबुऱ्यांसारख्या फिरत्या तोफा, मोठ्यांवर दोन ते चार पौंडी तोफा.

सगळ्यात जड तोफ नाळेवर का? पाठलाग करताना ती शत्रूवर रोखलेली राहते, हे एक कारण. दुसरं भौतिकशास्त्राचं. जहाज रुंदीला अरुंद आणि लांबीला मजबूत असतं. आडवा बार काढला की धक्का जहाजाला कुशीवर लोटू पाहतो. पुढचा बार काढला की तोच धक्का कण्याच्या लांबीतून मागे जातो आणि त्याला झेलायला अख्खं जहाज असतं. किंमत एवढीच की प्रत्येक बाराला पाठलागाचा वेग किंचित तुटतो. आंग्र्यांचे खलाशी मोठ्या जहाजाच्या पिछाडीला जमत, जिथे त्याच्या बाजूच्या तोफांचा मार पोचत नाही, आणि तिथून डोलकाठ्या आणि शिडं फोडत. हलक्या बांध्याच्या जहाजावर जड तोफ चालवायची ही शहाणी तोड होती.

युरोपी लढाऊ जहाजाने दुसरी तोड काढली. त्याला सगळी ताकद बाजूंनाच हवी होती, कारण दोन-तीन मजल्यांवर मिळून साठ-सत्तर तोफा लावायच्या तर जागा बाजूंनाच. चोवीस पौंडी तोफेचं वजन अडीच टन. गोळा जवळपास अकरा किलोचा, वेग सेकंदाला साडेचारशे मीटरच्या आसपास. गोळ्याच्या आणि वायूच्या संवेगाचा हिशेब केला तर तोफ आणि तिचा छोटा लाकडी गाडा मिळून सेकंदाला सुमारे अडीच मीटरने मागे धावतात. धावू द्यायचं. चार लाकडी चाकं मुद्दाम ओबडधोबड ठेवायची, म्हणजे घासून थोडा जोर जिरतो. उरलेला जोर जाड दोरखंड घेतो. तो तोफेच्या बुडाला वेढून दोन्ही टोकांनी जहाजाच्या कुशीतल्या कड्यांत अडकवलेला असतो. तोफ दोरखंडाच्या लांबीइतकी मागे येते, थांबते आणि तिचं तोंड आता जहाजाच्या आत असतं. तिथेच पुसायची, दारू भरायची, गोळा घालायचा आणि कप्पीच्या दोरांनी पुन्हा खिडकीबाहेर लोटायची. मागच्या धक्क्याचाच कामाला उपयोग करून घेतला होता. गोलंदाजाने मात्र तोफेच्या मागे उभं राहायचं नाही. ज्याला हे कळायला उशीर लागला त्याचा पाय गेला.

लाटेचाही यात हात असे. बार काढायच्या बाजूला जहाज झुकलेलं असताना बत्ती दिली, तर तोफेला मागे येताना चढ चढावा लागतो आणि दोरखंडाला दम मिळतो. तीच बाजू वर उचललेली असताना दिली, तर तोफ उतारावरून सुटते. इंग्रज गोलंदाज शत्रूच्या बुडख्याकडे, म्हणजे झुकत्या बाजूने मारा करत आणि फ्रेंच डोलकाठ्यांकडे, म्हणजे उचलत्या बाजूने, असं त्या काळच्या लढायांबद्दल सर्रास सांगितलं जातं. शिडं फाडायची की माणसं मारायची हा डावपेचाचा प्रश्न होता. पण दोरखंडावरचा ताणही त्याबरोबर ठरत होता.

या सगळ्याचं मोजमाप पहिल्यांदा ज्याने केलं, तो गणिती तंजावरच्या शेजारी येऊन मेला, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. बेंजामिन रॉबिन्स, जन्म १७०७, इंग्लंडमधल्या बाथ गावचा. १७४२ साली त्याने तोफांच्या विद्येवर एक पुस्तक लिहिलं आणि त्या विद्येचा पायाच बदलला. तोवर गोळ्याचा वेग कोणी मोजलेला नव्हता. पुस्तकांत हवेचा विरोध नगण्य मानून गोळ्याची वाट आखली जाई. रॉबिन्सने लोलक टांगला, त्याच्या जड लाकडी पाटीवर गोळी झाडली आणि लोलक किती वर गेला त्यावरून गोळीचा वेग काढला. बंदुकीच्या गोळीचा वेग निघाला सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास. मग त्याने उलटा प्रयोग केला: बंदुकीची नळीच लोलकावर टांगली आणि ती मागे किती जाते ते पाहिलं, नुसत्या दारूने आणि मग गोळीसकट. बंदुकीच्या मागच्या धक्क्याचं मोजमाप इथून सुरू होतं. ऑयलरसारख्या गणित्याने १७४५ साली त्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर केलं, आपली भलीमोठी टिपणं जोडून.

१७४७ साली रॉबिन्सने आरमारासाठी एक पत्रक लिहिलं. त्याचं म्हणणं सरळ होतं: छोटा गोळा फार वेगाने फेकण्यापेक्षा मोठा गोळा बेताच्या वेगाने फेका. यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. गोळा तोच ठेवून वेग दुप्पट केला तर मागचा धक्का दुपटीने वाढतो. पण त्याच वजनाच्या तोफेने मागे नेलेली ऊर्जा, जी दोरखंडाला आणि फासळ्यांना गिळावी लागते, ती चौपट होते. म्हणून वेग हा जहाजाला सगळ्यात महाग पडतो. पुढे १७७०च्या दशकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या कॅरन कारखान्याने आखूड, हलक्या, मोठ्या तोंडाच्या आरमारी तोफा काढल्या, त्या याच विचाराच्या वाटेवरच्या.

तोवर रॉबिन्स या जगात नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपल्या किल्ल्यांचा मुख्य अभियंता नेमलं आणि १७५० च्या जुलैत तो कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यावर उतरला. मद्रास आणि सेंट डेव्हिड या दोन्हींच्या तटबंदीचे आराखडे त्याच्या हाती होते. हवा मानवली नाही. २९ जुलै १७५१ रोजी तापाने तो तिथेच वारला. वय ४४.

हा सेंट डेव्हिड किल्ला मुळात मराठ्यांनी विकलेला. छत्रपती राजाराम जिंजीत होते तेव्हाची, १६९० ची गोष्ट. मोगलांशी झुंजायला पैसा हवा होता, कंपनीला किनाऱ्यावर जागा हवी होती. मद्रासचा गव्हर्नर होता एलिहू येल, ज्याच्या नावाचं विद्यापीठ आज अमेरिकेत आहे. सौद्यात किल्ल्याबरोबर किती जमीन द्यायची याचं माप ठरलं ते असं: किल्ल्यावरून तोफ डागायची, गोळा जिथवर पडेल तिथवरची जमीन कंपनीची. इंग्रजांनी मद्रासहून खास लांब पल्ल्याची तोफ मागवली, चहूबाजूंना गोळे सोडले आणि त्या वर्तुळात आलेली गावं खिशात घातली. त्या गावांना लोक गोळ्याची गावं म्हणू लागले, तमिळमध्ये गुंडु ग्रामम्. जमिनीची मोजणी तोफेने करणं आणि तोफ समोरच्याला निवडू देणं हा व्यवहार जिंजीच्या दरबाराला फार स्वस्तात पडला नाही, असं मागे वळून पाहताना म्हणावंच लागतं. गोलंदाजाचं मात्र त्या दिवशी कंबरडं मोडलं असणार. पल्ला वाढवायला तोंड उंच करावं लागतं आणि तोंड उंच केलं की धक्का नुसता मागे न जाता खाली, आसावर आणि जमिनीत जातो. गाडे मोडतात ते अशाच बारांना.

तंजावरच्या राज्याला समुद्रावरच्या तोफांची ओळख १७४९ साली पटली. गादीवर प्रतापसिंह होते. तंजावरच्या गादीवरून हटवलेल्या दुसऱ्या एका शहाजीचा कैवार घेऊन इंग्रजांनी कोळ्ळिडम नदीच्या मुखावरच्या देवीकोट्टईवर चाल केली. पहिली मोहीम फसली. त्या एप्रिलमधल्या वादळात सेंट डेव्हिडजवळ नामूर हे मोठं लढाऊ जहाज बुडालं. दुसऱ्या खेपेला मेजर लॉरेन्सची फौज जहाजांनी आली आणि जूनमध्ये किल्ला पडला. तरुण रॉबर्ट क्लाइव्ह त्या हल्ल्यात होता. मग इंग्रजांनी शहाजीला सोडून दिलं आणि देवीकोट्टई ठेवून घेऊन प्रतापसिंहांशीच तह केला. कैवार कशासाठी होता ते स्पष्ट झालं.

खरी कसोटी १७५८ ची. फ्रेंचांचा सेनापती काउंट लाली कारैकलहून तंजावरवर चालून आला. १७४९ साली प्रतापसिंहांनी फ्रेंचांचा दोस्त चंदासाहेब याला लिहून दिलेला ५६ लाख रुपयांचा कर्जरोखा त्याच्या खिशात होता आणि वसुली हवी होती. ऑगस्टच्या सुरुवातीला त्याच्या तोफा तंजावरच्या तटाला भिडल्या. दारूगोळ्याची त्याला आधीच टंचाई होती. तट पाडायच्या वजनदार तोफा शहराकडे ओढून आणायच्या, प्रत्येक बारानंतर मातीत रुतलेला गाडा पुन्हा जागेवर आणायचा आणि पुन्हा नेम धरायचा, हे पावसाळी भातखाचरांच्या मुलखात किती जिकिरीचं असेल, याची कल्पना करता येते. जहाजाच्या फळ्यांवर धक्का मागे येतो आणि तोफ पुढच्या खेपेला तयार मिळते. चिखलात तोच धक्का चाक आणखी खोल घालतो.

तिकडे ३ ऑगस्टला नागपट्टणमसमोर व्हाइस ॲडमिरल जॉर्ज पोकॉकच्या आरमाराने फ्रेंच ॲडमिरल दाशेला गाठलं. फ्रेंच जहाजांची माणसांच्या दृष्टीने मोठी हानी झाली आणि दाशे मागे हटला. इंग्रज जहाजं कारैकलसमोर दिसू लागली. लालीचा रसद-रस्ता आणि परतीची वाट दोन्ही त्या जहाजांच्या माऱ्यात आल्या. त्याने वेढा उठवायचं ठरवलं. १० ऑगस्टला तंजावरच्या मराठ्यांनी बाहेर पडून त्याच्या छावणीवर छापा घातला आणि जड तोफा मागे टाकून फ्रेंच फौज कारैकलकडे निघाली.

तंजावर वाचलं ते समुद्रावर, शहरापासून ऐंशी-नव्वद किलोमीटर दूर. यातला जॉर्ज पोकॉक मराठी वाचकाला दुसऱ्या एका ठिकाणी भेटलेला असतो. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनच्या हाताखाली, कंबरलँड जहाजावरून, विजयदुर्गासमोर उभा होता तो हाच. त्या दोन दिवसांत तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. पेशव्यांनीच इंग्रजांना बोलावलं होतं, ही त्यातली जखम. बंदरात नांगरलेल्या गुराबांना नाळेवरच्या तोफा शत्रूकडे वळवता आल्या नाहीत आणि इंग्रज जहाजांच्या बाजू किल्ल्याकडे पूर्ण उघड्या होत्या. पाठलागासाठी बांधलेलं आरमार उभं राहून लढण्यात सापडलं, तर त्याच्या बांधणीचं सगळं शहाणपण वाया जातं. कोकणातल्या मराठ्यांचं आरमार बुडवण्यात ज्याचा हात होता, त्यानेच अडीच वर्षांनी तंजावरच्या मराठ्यांची राजधानी वाचवली. दोन्ही वेळा त्याच्या मनात मराठ्यांचं बरं-वाईट काही नव्हतं, समोर फ्रेंच किंवा व्यापाराचा काटा होता.

राजगोपाल बिरंगी या काळात आपल्या जागी होती. १७७३ च्या सप्टेंबरात जनरल जोसेफ स्मिथने अर्काटच्या नवाबासाठी तंजावरचा किल्ला घेतला, तुळजाराजे कैद झाले, तेव्हाही ती तिथेच होती. १७७६ साली राज्य परत मिळालं. तोफ हललेली नव्हतीच. पुढे सरफोजीराजांच्या काळात, १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजाकडे किल्ला व त्याचा परिसर एवढंच उरलं. नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयाचं स्मारक म्हणून याच सरफोजींनी १८१४-१५ मध्ये समुद्रकाठी मनोरा हा आठ मजली बुरूज बांधला. तंजावरच्या राजाने समुद्राकडे तोंड करून बांधलेली ही वास्तू दुसऱ्याच्या विजयाच्या कौतुकासाठी होती.

एकोणिसाव्या शतकात तोफा पोलादाच्या झाल्या, दारूच्या जागी धूर न करणारी स्फोटकं आली आणि गोळ्याचा वेग दीडपट-दुप्पट झाला. दोरखंडाची हद्द संपली. मग तोफेची नळी एका पाळण्यात बसवून पाळणा स्थिर ठेवायचा आणि नळीच तेवढी मागे सरकू द्यायची, अशी रचना आली. नळीला जोडलेला दट्ट्या तेलाने भरलेल्या नळकांड्यात शिरतो, तेल अरुंद भोकांतून जबरदस्तीने पलीकडे जातं आणि धक्क्याची ऊर्जा तेल तापवण्यात खर्च होते. दाबलेली हवा किंवा स्प्रिंग नळीला पुन्हा पुढे ढकलते. भोकांचा आकार असा राखायचा की सुरुवातीपासून शेवटपर्यंत रोध जवळपास सारखा राहील. नाहीतर शेवटी हिसका बसतोच. बुरुजाची वक्र भिंत आणि जहाजाचा दोरखंड या दोघांचं काम आता हातभर लांबीच्या नळकांड्यात मावलं.

चोलमंडल किनाऱ्याने ही नवी तोफ २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री पाहिली. जर्मन क्रूझर एमडन मद्राससमोर आली, तेलाच्या टाक्यांवर प्रकाशझोत टाकला आणि सव्वाशेच्या आसपास गोळे फेकून निघून गेली. तिच्या १०५ मिलिमीटर तोफांचा गोळा सतरा किलोंचा, वेग सेकंदाला ६९० मीटरच्या आसपास. नागपट्टणमच्या लढाईतल्या चोवीस पौंडी तोफेशी ताडून पाहा: नळी हलकी, गोळ्याचा संवेग जवळपास अडीचपट, ऊर्जा साडेतीनपटीहून अधिक. ती नळी मोकळी सोडली असती तर सेकंदाला सात मीटरहून जास्त वेगाने मागे उडाली असती. तेलाच्या नळकांड्यामुळे ती काही वीत सरकून जागेवर परत येत होती, आणि गोलंदाज पुन्हा नेम न बदलता पुढचा गोळा भरत होते. अर्ध्या तासात एवढे गोळे जाण्याचं रहस्य तिथे आहे.

मोठ्या युद्धनौका सगळ्या तोफा एकदम सोडल्या की आडव्या सरकतात, असा एक समज छायाचित्रांमुळे पसरलेला आहे. अमेरिकेच्या आयोवा वर्गाच्या नौकांच्या नऊ तोफा प्रत्येकी सव्वा टनाच्या घरातला गोळा सेकंदाला ७६० मीटरने फेकत. नौका पन्नास हजार टनांहून जड. पाण्याचा विरोध नाहीच असं धरलं तरी ती ताशी एक किलोमीटरपेक्षाही कमी वेगाने सरकेल; आणि पाण्याचा विरोध तर असतोच. फोटोत दिसणारा पांढरा फेस हा तोफांच्या तोंडातून सुटलेल्या वायूचा पाण्यावरचा तडाखा असतो, जहाजाच्या सरकण्याचा नव्हे.

आज बंगालच्या उपसागरावर नजर ठेवणारं तंजावरचं शस्त्र बिरंगी मेडूवर नाही, शहराबाहेरच्या हवाई दलाच्या तळावर आहे. २० जानेवारी २०२० रोजी तिथे २२२ क्रमांकाची टायगरशार्क्स ही तुकडी नव्याने उभी राहिली. तिच्या सुखोई-३० विमानांच्या पोटाखाली जहाजं बुडवणारं अडीच टनांचं ब्रह्मोस क्षेपणास्त्र असतं. विमान ते आधी मोकळं सोडतं, ते थोडं खाली गेल्यावर त्याचं इंजिन पेटतं आणि सगळा उलटा रेटा मागे फेकलेल्या वायूवर जातो. विमानाला मागचा धक्का बसत नाही.